‘माळानं गेलो तर चालेल का?’

माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. प्रश्न वडिलांविषयी असतो, विचारणारा मुलगा किंवा सून असते, आणि ज्यांच्याविषयी तो विचारला जातो ते शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेले असतात. ‘डॉक्टर, यांची सायकल आता बंद करायला सांगा ना. आमचं ऐकत नाहीत.’

पूर्वी माझे उत्तर तयार असे. सत्तरी ओलांडली आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, एकदा पडूनही झाले आहे. तेव्हा सायकल बंद. चिठ्ठीवर तसे लिहायला अर्धा मिनिटही लागत नसे. गेली काही वर्षे मी तसे लिहीत नाही. असे का, ते आज आपणांस सांगावयाचे आहे. त्यासाठी प्रथम माझ्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे आणि मग आमच्या भागातील काही कच्च्या रस्त्यांवर आपणांस बरोबर नेले पाहिजे.

आबांची सायकल

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, टपाल खात्यात होते. कऱ्हा आणि नीरा या दोन नद्यांच्या मुलखात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ वाड्यावस्त्यांवर पत्रे आणि मनिऑर्डरी पोचवल्या. आचार्य अत्रे यांनी आपल्या आत्मचरित्राला जिचे नाव दिले, तीच ही कऱ्हा. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत बहुतेक सरून गेलेला असतो. सासवड, जेजुरी मागे टाकून पूर्वेकडे सरकू लागले, की डोंगर विरळ होत जातात आणि जमीन हळूच वर चढते, हळूच खाली उतरते. वर माळ, खाली ओढा, पुन्हा माळ. या चढउतारांवरून आबांची काळी, बावीस इंची सायकल रोज धावत असे.

निवृत्तीनंतरही ती थांबली नाही. बाजाराला, पिठाच्या गिरणीला, चतुर्थीला मोरगावच्या मयूरेश्वराला आबा सायकलवरूनच जात. त्र्याहत्तराव्या वर्षी डांबरी रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटारसायकलचा धक्का लागून ते पडले. हाड मोडले नाही. कोपर सोलवटले आणि गुडघ्याला चार टाके पडले. ते टाके मीच घातले, आणि टाके घालता घालता निर्णयही मीच देऊन टाकला. ‘आबा, आता सायकल बंद.’

आबा वाद घालणारे नव्हते. दोनतीन दिवसांनी ते दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी एकदाच विचारले, ‘हमरस्ता सोडला आणि माळानं गेलो तर चालेल का?’ मी रुग्ण तपासत होतो. मान वर न करता ‘नाही’ म्हणालो. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

सायकल गोठ्यात गेली. आबा ओट्यावर बसू लागले. प्रथम बाजार सुटला, मग मोरगाव सुटले. ज्यांच्याशी वाटेत चार शब्द होत, ती माणसे भेटेनाशी झाली. वर्षभरात त्यांच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या, की धोतर नेसताना ते आईला जाणवले. मला, डॉक्टर असून, जाणवले नाही. खुर्चीतून उठताना ते हातांचा आधार घेऊ लागले. दीड वर्षाने, एका रात्री लघवीला उठले असताना, घरातल्या सपाट फरशीवर ते पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. पण आबा पुन्हा उभे राहिले नाहीत. चार महिन्यांनी ते गेले.

सायकल बंद केल्यामुळेच हे घडले, असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून तसा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. पण वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि हालचाल थांबली की ती झीज वेगाने होते, हे वैद्यकशास्त्राला पुरते ठाऊक आहे. ते मलाही ठाऊक होते. मी एक धोका पाहिला आणि तो टाळला. दुसरा धोका घरात येऊन बसला, तो मला दिसला नाही. मी आबांची एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरे काहीच दिले नाही. माझी चूक झाली ती एवढीच, पण ती लहान नव्हती.

मुरमाची वाट

बावन्नाव्या वर्षी माझ्या स्वतःच्या रक्तातील साखर वाढलेली निघाली. दुसऱ्यांना चालण्याचा उपदेश करणारा मी दिवसातले दहा तास खुर्चीत बसून काढत होतो. त्याच सुमारास माझ्या भाच्याने त्याची एक सायकल काही महिन्यांसाठी आमच्याकडे आणून ठेवली. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात, असे त्याने सांगितले. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर चांगले रुंद, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, आणि चढावर पाय हलके पडावेत असे गिअर. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स हा गवताळ, लहानलहान टेकाडांचा प्रदेश अशा सायकलस्वारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे शेतांमधून गेलेल्या खडीच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल सायकली चालतात.

मी ती सायकल घेऊन एका सकाळी माळावर गेलो. तास दीड तासात चार मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर एवढीच वाहने भेटली. एका उतारावरून ओढ्याकडे जाताना एकाएकी लक्षात आले, की ही आबांची वाट आहे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी पुढच्या दांड्यावर बसून त्यांच्याबरोबर याच वाटेने टपाल द्यायला गेलो होतो. ‘माळानं गेलो तर’ म्हणजे नेमके कुठून, हे त्यांना तंतोतंत माहीत होते. ते परवानगी मागत नव्हते. एक चांगला मार्ग सुचवत होते. ते मला त्या सकाळी, त्यांच्या पश्चात, कळले.

आमच्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर मुरूम असतो. दख्खनचा काळा बसाल्ट खडक हजारो वर्षे झिजून, कुजून त्याचा तांबूस, भरड चुरा होतो, तो मुरूम. पाणी त्यातून चटकन झिरपते, म्हणून पाऊस थांबल्यावर काही वेळात रस्ता वापरता येतो. काळ्या मातीचे तसे नाही. ती ओली झाली की चाकाला चिकटते आणि सायकल उचलून न्यावी लागते. रोलर फिरवून दाबलेला मुरूम सायकलीला फार चांगला. मात्र नुकताच टाकलेला, न दाबलेला मुरूम किंवा सुटी खडी असेल, तर चाक घसरते. तेथे शहाण्या माणसाने उतरून चालावे.

अशा चढउतारांच्या रस्त्याचा शरीराला काय उपयोग, ते थोडक्यात सांगतो. लहान चढावर हृदय आणि मांड्या यांना काही मिनिटे काम पडते. पुढच्या उतारावर विसावा मिळतो. मग पुन्हा काम. घाटासारखी सलग दमछाक होत नाही आणि सपाट रस्त्याची सुस्तीही येत नाही. शरीराचे बरेचसे वजन सीटवर असल्याने दुखऱ्या गुडघ्यांवर चालण्याइतका भार येत नाही. शिवाय ओबडधोबड वाटेवर तोल सावरण्याचे काम मेंदू, डोळे, कान आणि स्नायू सतत करत राहतात.

सायकल सर्व काही देते, असे मात्र समजू नये. वजन सीटवर असते, म्हणूनच हाडांना मजबुती देण्याच्या कामी ती चालण्याइतकी उपयोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, ज्यांना शक्य आहे अशा ज्येष्ठांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. त्याबरोबरच स्नायूंच्या ताकदीचे आणि तोल सुधारणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असेही म्हटले आहे. तेव्हा सायकल चालवणाऱ्याने थोडे चालावेही, आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठण्या-बसण्यासारखा साधा व्यायामही घरी करावा.

तीन रस्ते

आता मी ज्या वाटांवर जातो, त्यांपैकी तीन आपणांस सांगतो. आपण आमच्या भागातले नसलात तरी हरकत नाही. अशा तीन प्रकारच्या वाटा महाराष्ट्रात पठारावर बहुतेक ठिकाणी सापडतात.

पहिला प्रकार कालव्याकाठचा. नीरा डावा कालवा वीर धरणाकडून निघून नीरा, वडगाव निंबाळकर, माळेगाव असा बारामतीकडे जातो. पाणी आपल्या उताराने वाहावे म्हणून कालवा जमिनीची समान उंची धरून वळणे घेत जातो. त्यामुळे त्याच्या भरावावरचा रस्ता जवळजवळ सपाट असतो. पुष्कळ दिवसांनी सायकल हाती घेणाऱ्याने सुरुवात अशा ठिकाणी करावी. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका बाजूला खोल पाणी असते आणि कठडा नसतो. म्हणून ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचा तोल डळमळतो त्यांनी हा रस्ता टाळावा, आणि इतरांनीही पाण्याची बाजू सोडून चालवावे. दुसरे असे, की साखर कारखाने सुरू झाले म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या या रस्त्यांवर येतात. ट्रॉली दिसली की सायकलवरून उतरून बाजूला उभे राहावे. पाटबंधारे खात्याने जेथे फाटक लावून रस्ता बंद केला असेल, तेथे जाऊ नये.

दुसरा प्रकार माळाचा. मोरगावच्या पुढे सुप्याजवळ मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. १९९७ मध्ये चिंकारा हरणांसाठी राखून ठेवलेला हा पाचेक चौरस किलोमीटरचा लहानसा गवताळ तुकडा. अभयारण्याच्या आत वनखात्याच्या नियमांनुसारच जाता येते. पण त्याच्या आसपासच्या गावांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटांवरूनही तसाच माळ दिसतो. पावसाळा संपता संपता गवत सोनेरी होऊ लागते. चंडोल गात उंच चढतो, टिटवी आपल्याला पाहून ओरडते, आणि कधी दूरवर चिंकारा थबकून पाहतो व दिसेनासा होतो. येथे सलग सावली नाही. हिवाळ्यात ही वाट सुखाची. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सकाळी साडेआठच्या आत घरी परतावे.

तिसरा प्रकार पाणंदीचा, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. शेताला जायची गाडीवाट म्हणजे पाणंद, आणि दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. गावाच्या नकाशात या वाटा दाखवलेल्या असतात. तलाठ्यांना किंवा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले तर कोणती चालू आहे आणि कोणती बाभळींनी बुजली आहे, ते कळते. आबांच्या टपालाच्या फेऱ्यांपैकी सर्वांत लहान फेरी अशा वाटांची होती. ती आठ किलोमीटरची आहे. प्रथम विहिरींच्या काठाने सपाट वाट, मग बिरोबाच्या देवळापर्यंत चढ, देवळापाशी कडुलिंबाची सावली आणि हातपंप, तेथून ओढ्याकडे उतार, आणि मग दोन्ही बाजूंनी शेते ठेवून गावात परत. चांगली वाट कशी असावी, हे मी या फेरीवरून शिकलो. ती वर्तुळाकार असावी, म्हणजे मध्येच दमल्यास घर फार दूर राहत नाही. चढ पहिल्या अर्ध्यात आणि उतार नंतर असावा. मध्यावर सावली व पाणी असावे. वस्ती फार दूर नसावी आणि मोबाइलची रेंज असावी. अशी चार किलोमीटरची वाटसुद्धा पुष्कळ झाली.

निघण्यापूर्वी

कोणाही ज्येष्ठ व्यक्तीने सायकल नव्याने सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. छातीत दाटते, थोड्या श्रमाने धाप लागते, अलीकडे शुद्ध हरपली होती, झटके येतात, किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, अशांनी प्रथम तपासणी करावी. सायकल थांबू शकते. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावरच, आणि टप्प्याटप्प्याने, सुरुवात करावी.

औषधांचा विचार फार महत्त्वाचा आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. त्यांनी उपाशीपोटी निघू नये, निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, गोंधळल्यासारखे झाले, तर लगेच थांबून ती घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना डोक्याचा साधा मारही महागात पडू शकतो. त्यांनी सायकल चालवावी की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या काही गोळ्यांनी नाडी संथ राहते. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेऊ नये. त्यापेक्षा साधी कसोटी बरी: चढावर शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले, की उतरावे आणि चालत चढावे. उतरून चालण्यात कमीपणा कसला? आबा भर तारुण्यातही बिरोबाचा चढ सायकल हातात धरूनच चढत.

महागडी ग्रॅव्हल बाइक घेण्याची काहीच गरज नाही. रुंद टायरची, गिअर असलेली साधी सायकल पुरते. ज्यांना पाय उंच टाकून पलीकडे नेता येत नाही, त्यांनी पुढचा दांडा नसलेली सायकल घ्यावी. तिला दुकानात ‘लेडीज सायकल’ म्हणतात, म्हणून पुरुषांनी संकोच करू नये. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीटची उंची ठेवावी. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात. टायर दगडासारखा टणक फुगवू नये. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. तिच्या आत राहून थोडी कमी हवा ठेवली, तर कच्च्या रस्त्याचे हादरे कमी बसतात आणि चाक कमी घसरते. हातांना मुंग्या येत असतील तर पकड सैल करावी आणि हाताची जागा बदलत राहावी.

उतारावर वेग आधीच आवरावा. वळण येण्यापूर्वी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक हळू दाबावेत. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक निसटते. हेल्मेट नेहमी घालावे. ज्यांच्या चष्म्यात खालच्या भागात वाचनाचा नंबर आहे, त्यांना त्या भागातून पुढच्या चाकाजवळचा रस्ता अस्पष्ट दिसतो. त्यांनी सायकलसाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मोतीबिंदू असल्यास पहाटेच्या अंधुक उजेडात निघू नये. बाभळीच्या काट्याने चाक पंक्चर झालेच, तर सायकल ढकलत आणण्याची तयारी ठेवावी आणि घरी फोन करावा. कुत्रे अंगावर आले तर पळवू नये. उतरून सायकल मध्ये धरावी. चावलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

घरच्या माणसांसाठी

आता ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ आहेत, त्या मुलांशी आणि सुनांशी थोडे बोलतो. आपली भीती खोटी नाही. रात्री-अपरात्री रुग्णालयात धावावे लागते ते आपल्यालाच. म्हणून सर्वांना सर्व काही करू द्यावे, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ‘सायकल हवी की नको’ एवढाच प्रश्न करू नये. कुठला रस्ता, किती अंतर, कोणती वेळ, कोणती सायकल, बरोबर कोण, असे पाच प्रश्न करावेत. पुष्कळदा पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ वाटते, आणि या पाचांचे उत्तर मिळाले की ‘होय’ म्हणता येते.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. ते निवृत्त शिक्षक. सत्तराव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, आणि मुलाने सायकलला कुलूप लावले. तिघे मिळून माझ्यासमोर बसलो: गुरुजी, मुलगा आणि मी. हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेतली. मग ठरले ते असे: हमरस्ता कायमचा बंद. पाणंदीची सहा किलोमीटरची फेरी, उजाडल्यावर, आठवड्यातून चार दिवस. खिशात फोन आणि एक चिठ्ठी, तीवर नाव, आजार, औषधे आणि मुलाचा क्रमांक. ठरलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे उशीर झाला, तर मुलाने त्याच वाटेने मोटारसायकल घेऊन निघावे. पहिला महिनाभर मुलगा स्वतः बरोबर गेला. गुरुजींनी ही फेरी चार वर्षे केली. या काळात ते एकदा पडले, मनगट मुरगळले, आणि पंधरा दिवसांत पुन्हा निघाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते स्वतःच मला म्हणाले, ‘डॉक्टर, आता ओढ्याजवळचा खड्डा मला वेळेवर दिसत नाही. सायकल थांबवतो.’ डोळ्यांची तपासणी झाली. पडद्याचा आजार होता. सायकल थांबली. पण ती त्यांनी थांबवली होती. आणि तिच्या जागी काय, हेही ठरवूनच थांबवली. आता ते त्याच वाटेने नातवाबरोबर बिरोबापर्यंत चालत जातात.

थांबण्याची वेळ येते, हे लपवून चालणार नाही. ओळखीच्या वाटेवर चुकणे, वर्षभरात दोनदा पडणे, चढउतार करताना पाय जमिनीवर टेकवण्याचे भान न राहणे, मागून येणारे वाहन ऐकू न येणे, ही लक्षणे दिसली तर बोलावे. पण एकांतात, चारचौघांत नव्हे. आणि ‘बंद करा’ म्हणण्याआधी बदली काय, ते तयार ठेवावे. तीनचाकी सायकल आहे, घरातली स्थिर सायकल आहे, कोणाचा हात धरून त्याच वाटेवरचे चालणे आहे. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरेकडे जाते, तेव्हा मी वारकऱ्यांचे पाय तपासायला बसतो. पंचाहत्तरीचे कितीतरी स्त्री-पुरुष माझ्यापुढे फोड आलेले तळवे धरतात. विचारले तर कळते, की बहुतेकांचे वर्षभर शेतात जाणे-येणे चालू असते. पंढरीपर्यंतचे बळ त्या रोजच्या येरझारांतून जमलेले असते.

शेवटी काळजी घेणाऱ्याविषयी. अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ किंवा विसराळू झालेल्या वडिलांजवळ रात्रंदिवस असणारी व्यक्ती स्वतःही आजारी पडते, हे मी रोज पाहतो. तिला आठवड्यातून दोनतीन वेळा तासभर घराबाहेर मोकळ्या वाटेवर जाता यावे, म्हणून कोणीतरी तिच्या जागी बसले पाहिजे. भाऊ, नणंद, शेजारी, कोणीही. औषधाच्या वेळा जशा लिहून ठेवता, तशी ही वेळही लिहून ठेवावी.

आबांची सायकल मी गोठ्यातून काढून दुरुस्त करून घेतली आहे. नव्या सायकलीपेक्षा ती जड आहे, चढावर तिला गिअर नाही, तरी रविवारी मी तीच घेऊन बिरोबापर्यंत जातो. चढ आला की उतरतो.

आणि दवाखान्यात कोणी ‘यांची सायकल बंद करायला सांगा’ असे म्हणाले, की मी आता लिहिणे थांबवतो, मान वर करतो, आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून त्यांनाच विचारतो, ‘तुम्ही कुठल्या वाटेनं जाता?’